‘आय-सेव्हन बोललो, आय-सेव्हनच देल्लं’: एडिटिंगच्या कॉम्प्युटरमध्ये झालेली फसवणूक

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा-दिग्रस भागात शूटिंगवाल्यांची धावपळ सुरू होते. त्याच्या थोडं आधी कापसाच्या पहिल्या वेच्याचा पैसा हातात येतो आणि बरेच जण त्यातून नवा कॉम्प्युटर बांधून घेतात. नेमक्या याच दिवसांत दुकानदार कसे गंडवतात ते सगळं उलगडून लिहितोय. माझ्यासोबत हे झालं, आणि त्याच दुकानातून तसलाच सेट नेलेले आणखी दोन शूटिंगवाले मला नंतर भेटले.

मी खेड्यात राहतो, लग्नं शूट करतो आणि एडिटिंग घरीच एडियस या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर करतो. जुन्या मशीनवर फुल एचडीचं काम निघत होतं. आता गावाकडची पार्टीही ४के मागते, ड्रोनचे शॉट मागते, हळदीची रील दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मागते. म्हणून दणकट मशीन हवं होतं. जवळच्या मोठ्या गावातल्या एका दुकानात गेलो आणि काम काय ते नीट सांगितलं. त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ एसएसडी, १ टीबी हार्डडिस्क, ५०० वॅट सप्लाय (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), आरजीबी कॅबिनेट. किंमत ५८,०००. ‘‘नागपुरात याचेच ऐंशी घेतेत भाऊ. तुमी आपले मानूस, म्हनून लावून देतो.’’

सेट चालू करून दाखवला. काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत पंखे फिरत होते, विंडोज ११ झटक्यात उघडलं, स्क्रीनवर आय-सेव्हन दिसलं, कार्डाचं नाव ‘जीटीएक्स १०५० टीआय’ दिसलं. मदरबोर्डचा खोका कोरा करकरीत होता. बिलावर लिहिलं ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’.

घरी साखरपुड्याची एक साधी फिल्म निघाली. पूर्ण लग्नाचं शूटिंग एडिटिंगला लावलं तेव्हा टाइमलाइन (क्लिप मांडायची पट्टी) अडकायला लागली. ४केच्या दोन लेयर एकावर एक ठेवल्या की चित्र थांबायचं आणि आवाज पुढे पळायचा. इफेक्ट जड झाला की स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या रेघा यायच्या. रेंडर (तयार फिल्म बाहेर काढायचं काम) लावून जेवायला बसावं आणि परत येऊन बघावं तर मशीन बंद. दुकानदाराला फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘‘तुमच्या गावची लाइनच खराब आहे भाऊ. मशीन काय करन?’’

या उत्तरावर जरा थांबतो, कारण खेड्यातल्या गिऱ्हाइकाला गप्प करायला ते हमखास चालतं. लाइन खराब आहे हे खरंच असतं. रात्री शेतातले पंप लागले की व्होल्टेज पडतं, पंप बंद झाले की चढतं, अर्थिंग बहुतेक घरांत नावाला. त्यामुळे आपणही मान डोलावतो, वायरमनला बोलावतो, स्टॅबिलायझर विकत घेतो. मीही घेतला. रेंडर तरीही अर्ध्यावर बंद पडतच होतं. म्हणून शेवटी कॅबिनेटची काच काढून सप्लायवरचं लेबल वाचलं.

बाजूला मोठ्या अक्षरांत ५०० होतं. खाली बारीक अक्षरांच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या समोर १४ अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात, म्हणजे खरा हिशोब १२ गुणिले १४, फक्त १६८ वॅट. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या सप्लायवर याच ओळीत ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. बऱ्याच चांगल्या सप्लायवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असंही छापलेलं असतं, म्हणजे गावची पडती लाइनसुद्धा तो बराच वेळ पेलतो. माझ्यावर २२० ते २४० होतं. म्हणजे ज्या लाइनीला दुकानदार दोष देत होता, त्या लाइनीवर चालणारा सप्लाय त्यानं दिलाच नव्हता. नवा सेट घेताना या तक्त्याचा फोटो आधी मागवा. ‘८० प्लस’ (सप्लाय वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र) चिन्हाचं नुसतं स्टिकर बघून हो म्हणू नका, त्या प्रमाणपत्राच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव शोधता येतं.

सप्लायमध्ये एवढं निघाल्यावर बाकीचंही तपासायला घेतलं. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो. व्हिडिओ कॉलवर त्यानं पहिली गोष्ट विचारली, ‘‘मामा, कार्डाच्या मागे निळं पोर्ट आहे का?’’ होतं. जुन्या मॉनिटरची निळी व्हीजीए पिन बसते ते. तो म्हणाला, मग हे १०५० टीआय असूच शकत नाही. त्या पिढीच्या कार्डांतून एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं व्हीजीएची सोय काढूनच टाकली होती. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर त्यानं टाकायला लावलं. उघडताच कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द आला आणि बाजूला धोक्याचा त्रिकोण. २०१८ साली आलेल्या २.१२ आवृत्तीपासून हे सॉफ्टवेअर अशी नकली कार्डं ओळखतं.

हे कसं करतात तेही समजून घ्या. २०१०-११ च्या सुमाराची एनव्हिडियाची फर्मी पिढीची कार्डं भंगारात मिळतात. त्यातल्या जीटीएक्स ५५० टीआयमध्ये १९२ क्यूडा कोअर (काम करणारे छोटे भाग) असतात, खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डात भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) नाव आणि मेमरीचा आकडा बदलतात, वरून नवं प्लास्टिकचं कव्हर आणि पंखा बसवतात. विंडोज आत लिहिलेलं नाव वाचून तेच दाखवतं. १ जीबीचं कार्ड स्क्रीनवर ४ जीबी दिसतं आणि काम १ जीबीच्या वर गेलं की रेघा येतात किंवा मशीन कोसळतं. फर्मी कार्डांना २०१८ नंतर नवे नेहमीचे ड्रायव्हर आलेच नाहीत, म्हणून एनव्हिडियाच्या साइटवरचा १०५० टीआयचा ड्रायव्हर त्यावर बसत नाही. दुकानदार सेट देतानाच मला बजावत होता, ‘‘ड्रायव्हर अपडेट नोका करू, मशीन हँग होते.’’ हे वाक्य कोणत्याही दुकानात कानावर आलं तर तिथेच थांबा. एडिटिंगवाल्यांसाठी आणखी एक खूण सांगतो. खऱ्या १०५० टीआयवर एक्सपोर्ट करताना एनव्हेंकचा, म्हणजे कार्डाकडूनच व्हिडिओ बनवून घ्यायचा पर्याय दिसतो. फर्मीत ती सोय मुळातच नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत तो खोटं बोलला नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आहे. प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडवर पाहिलं तर आय७-२६००. इंटेलनं जानेवारी २०११ मध्ये काढलेला. नावातल्या २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी, तसं १२४०० मधले १२ म्हणजे बारावी. २०२२ चा आय३-१२१०० हा ‘आय-थ्री’ असूनही या आय-सेव्हनच्या दुपटीहून जास्त काम उरकतो. नुसतं आय-सेव्हन सांगून विकणं म्हणजे ट्रॅक्टरची कंपनी सांगायची आणि मॉडेल, साल दाबून ठेवायचं. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांनी काढलेल्या मशीनमधून हे प्रोसेसर ढिगानं निघतात. ते सहसा जळत नाहीत, स्वस्त मिळतात आणि त्यांच्यासाठी एच६१ चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड अजूनही नवे बनून येतात. कोरा खोका त्या बोर्डाचा होता. आतला प्रोसेसर तेरा-चौदा वर्षांचा.

त्या एच६१ बोर्डामुळे बाकीचंही लंगडं झालं. रॅम जुनी डीडीआर३.  या चिपसेटचे साटा (डिस्क जोडायचे) पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणून चांगली साटा एसएसडीही अर्ध्याच वेगानं धावते. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोवर ‘नव्या’ हार्डडिस्कचे चालू राहिलेले तास हजारांत निघाले.

विंडोज ११ पाहून मशीन नवीन आहे असं वाटतं, तोही त्यांचा ठरलेला डाव. मायक्रोसॉफ्टच्या यादीत विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. दुसऱ्या पिढीवर ते बसवायचं तर तपासणी टाळून बसवावं लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे आता असे सेट ‘११ वाला’ म्हणून आणखी जोरात खपवले जातील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. जुना माल विकण्यात गैर काही नाही. सेतू केंद्र चालवणाऱ्याला, बारावीच्या पोराला, हिशोब ठेवणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं मशीन जुन्याच्या भावात मिळालं तर चांगलंच आहे. पण जुनं आहे हे सांगून विकावं, नव्याच्या भावात नाही.

मी हे सगळे स्क्रीनचे फोटो घेऊन दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘आय-सेव्हन बोललो, आय-सेव्हनच देल्लं. सोळा जीबी बोललो, सोळा जीबीच आहे. मोजून घ्या.’’ कार्डाचं विचारलं तेव्हा आवाज बदलला. मागून आलेला माल, आम्हालाही कंपनीनं फसवलं, असं सुरू झालं. शेवटी ५,००० परत द्यायला तयार झाला, पण ‘तक्रार नाही’ असं लिहून द्यावं लागेल म्हणाला. मी लिहून दिलं नाही. कार्डही त्याच्या हातात दिलं नाही, कारण पुरावा तोच आहे.

माझ्या बाजूनं दोन गोष्टी भक्कम निघाल्या. पैसे यूपीआयनं दिले होते, त्यामुळे रक्कम आणि तारीख बँकेत आहे. आणि घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं स्वतः ‘१०५० टीआय ४ जीबी नवीन’ असं लिहिलं होतं. बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. खरा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. कच्च्या बिलात थोडे पैसे वाचवून देणारा दुकानदार हा पुरावाच आपल्याकडून काढून घेतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून समेट झाला नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दुकानदारानं मला आधीच घाबरवून ठेवलं होतं, ‘‘तुमी तर धंद्यासाठी घेतलं, तुमची ग्राहकात तक्रारच बसत नाही.’’ हे चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. शूटिंगवाला, झेरॉक्सवाला, सेतूवाला, सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. वकील लागतोच असं नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. मुदत दोन वर्षांची.

आता माझ्याकडे दुसरं मशीन आहे, थोडं जास्त पैसे घालून पण प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल बिलावर लिहून घेऊन बांधलेलं. त्यात आय५-१२४०० आहे. शेवटी ‘एफ’ असलेला १२४००एफ मिळत होता, थोडा स्वस्त. तो घेतला नाही, कारण एफमध्ये इंटेलचं आतलं ग्राफिक्स नसतं. ते नसलं की क्विक सिंक (व्हिडिओ वाचायची-बनवायची प्रोसेसरमधली सोय) नसतं, आणि एडियसमध्ये एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटचं काम क्विक सिंकमुळे हलकं होतं. ज्यांचा कॅमेरा ४:२:२ १०-बिट एच.२६५ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा नवा फॉरमॅट) रेकॉर्ड करतो त्यांनी तर डेस्कटॉपसाठी अकराव्या पिढीच्या आधीचं इंटेल घेऊच नये, मागच्यांत ते हार्डवेअरवर वाचायची सोयच नाही. माझं ‘आय-सेव्हन’ एच.२६५ हार्डवेअरवर कुठलंच वाचत नव्हतं. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, कारण दोन सारख्या पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला दुहेरी रस्ता मिळतो, एकीवर तो मिळत नाही. ग्राफिक्स कार्ड सध्या घेतलंच नाही, आणि ४केच्या दोन लेयर आता न अडकता चालतात. ५८,००० मधले किती पैसे त्या खोट्या कार्डाच्या नावावर गेले असतील हा विचार करून अजून जीव जळतो.

आयोगाची नोटीस दुकानदाराला गेली आहे. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. त्याच दुकानातून सेट घेतलेल्या दुसऱ्या दोघांनीही आपापल्या कार्डाचे जीपीयू-झेडचे फोटो काढले आहेत, आणि तेही आता तक्रार देणार आहेत. आमच्या भागात ज्यांनी असा सेट घेतला असेल त्यांनी मशीन दुरुस्तीला त्याच दुकानात टाकण्याआधी आपल्या कार्डाचा, सप्लायच्या लेबलचा आणि मागच्या पोर्टांचा फोटो काढून ठेवावा. एकदा मशीन आत गेलं की त्यातून काय बाहेर येईल याचा भरवसा नाही.