स्किनस्युटिकल्स सी ई फेरुलिक: सिरम चोख, बाटलीचं गणित चुकलेलं

व्हिटॅमिन सीचं सिरम घेताना बहुतेकजण टक्के बघतात. आधी बघायला हवा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप: आकडा कमी तितकं आम्ल जास्त. त्वचेवरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, पण त्यातला मेद विद्युतभार असलेल्या रेणूला सहजी आत घेत नाही. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, १७६ डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). ५०० पर्यंतचे रेणू साधारण शिरतात, म्हणजे आकाराची अडचण नाही, भाराची आहे. पीएच ३.२ असेल तर दहातले नऊ रेणू भाराविना असतात, ५ ला गेला की सातातला जेमतेम एक. हे सिरम ३.५ च्या खाली ठेवलेलं आहे, आणि निम्मं यश तिथेच.

आत १५ टक्के व्हिटॅमिन सी, १ टक्का ई, ०.५ टक्का फेरुलिक अ‍ॅसिड, म्हणजे या दोन्हींना टिकवणारं वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट. घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच इथॉक्सीडायग्लायकॉल येतं. शिरकाव सोपा करणारा द्रावक तो. यादीतलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड मात्र त्वचेच्या वरच बसतं, त्यासाठी पैसे मोजू नयेत.

ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर दाखवलं, की २० टक्क्यांपुढे शोषण वाढत नाही, उलट घटतं. रोज लावल्यास तीन दिवसांत त्वचा भरते आणि साठा निम्मा व्हायला साधारण चार दिवस लागतात. एखादी सकाळ चुकली तर बिघडत नाही. ३० टक्केवाल्या बाटल्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

सकाळी चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा, ४-५ थेंब लावा, मुरलं की सनस्क्रीन. ओल्या चेहऱ्यावर चुरचुरतं. रेटिनॉलने साल निघत असेल तर थांबा. जास्त आत जावं म्हणून आधी डर्मारोलर तर अजिबात फिरवू नका: सुयांच्या छिद्रांतून सिरम आत गेल्यावर त्वचेत गाठी झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत.

आता तक्रार. थेंब ०.०५ मिलीचा धरला तर ३० मिली चार-पाच महिने पुरतं, आणि ड्रॉपर काढला की दरवेळी हवा आत, आणि हवेने व्हिटॅमिन सी खराब होतं. फिकट पिवळा रंग तपकिरीकडे झुकला की ते वापरण्यात अर्थ नाही. मुंबई-कोकणातल्या दमट न्हाणीघरात हे लवकर होतं. कपाटात, गार जागी ठेवा. किंमत बघता दोघींनी मिळून एक बाटली घेणं परवडतं, दोन-अडीच महिन्यांत संपते. फक्त ड्रॉपर कुणीच गालाला टेकवायचा नाही.