फिंग ॲप: घरातल्या स्मार्ट वस्तूंचे पत्ते शोधायला भारी, पण पक्के करायचे राऊटरमध्येच

घरात स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरे असलं काय काय वायफायवर जोडलेलं असेल तर फिंग ॲप (वायफायवर कोण कोण जोडलंय ते दाखवणारं) टाकून ठेवाच, हे आधीच सांगतो. आमचं घर सांगलीत विश्रामबागला, खाली आम्ही आणि वर काका-काकू. वळवाचा पाऊस चालू झाला की लाईट जाते येते जाते येते, दरवेळी राऊटर बंद पडून परत चालू होतो आणि मग आईची हाक येते, "अरे गेटचा कॅमेरा दिसंना झालाय बघ". कॅमेरा बिघडलेला नसतोच. एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा) त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा नंबर, १९२.१६८.१.२३ असा टाकलेला असतो, पण राऊटर चालू झाला की पत्ते नव्यानं वाटतो, स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरना आधी कुणाला काय दिलं होतं ते लाईट गेल्यावर आठवत नाही, मग कॅमेऱ्याला २७ मिळतो आणि २३ वर टीव्ही जाऊन बसतो. एनव्हीआर बिचारा टीव्हीकडे चित्र मागत राहतो आणि स्क्रीन काळी.

इथं फिंग खरंच कामाला येतं. स्कॅन दाबलं की थोड्या वेळात त्या नेटवर्कवरची सगळी यादी समोर, कुणाचा पत्ता काय ते. एवढं फुकटातच होतं.

पण फोनवरचं आणि लॅपटॉपवरचं फिंग यात फरक आहे तो आधी समजून घ्या. आयफोन आणि आताचे अँड्रॉइड, दोघंही ॲपला दुसऱ्या वस्तूंचे मॅक पत्ते (कंपनीनं प्रत्येक वस्तूला दिलेला ओळख नंबर) सरळ वाचू देत नाहीत, त्यामुळे फोनवर बऱ्याच ओळी नुसत्या आयपीच्या, नाव ना गाव. लॅपटॉपवर फिंग डेस्कटॉप टाकलं की मॅकही दिसतो, आणि मॅकच्या पहिल्या अर्ध्या भागावरून कंपनी कळते. तिथं 'एस्प्रेसिफ' दिसलं तर परका कुणी घुसलाय म्हणून घाबरू नका, ती वायफाय चिप बनवणारी कंपनी आहे, बल्ब-प्लगच्या खोक्यावर नाव कुठलंही असलं तरी आत बऱ्याचदा चिप तिचीच असते. मग त्यातला हॉलचा कुठला नि देवघरातला कुठला? प्लग काढायचा, परत स्कॅन मारायचा, जी ओळ गेली ती त्याची. लगेच नाव देऊन टाकायचं.

आता मुख्य गोष्ट. फिंग पत्ता दाखवतं, बांधून ठेवत नाही. ते काम राऊटरचं. ब्राउझरमध्ये राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जायचं, डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटायचा भाग) ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथं मॅक आणि त्याला हवा तो आयपी लिहून सेव्ह करायचं, मग लाईट कितीही वेळा जाऊ दे, त्या कॅमेऱ्याला तोच पत्ता मिळणार. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी टाकण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं, सगळा हिशोब एका जागी राहतो आणि एकच पत्ता दोघांना जायची भानगड होत नाही. आमच्याकडे १० पासून कॅमेरे, ५० पासून बल्ब-प्लग अशी वाटणी केली आणि कागद राऊटरशेजारी चिकटवला.

दोन राऊटरवाल्यांनी नीट वाचा. फायबरवाल्याचा डबा खाली आणि स्वतःचा राऊटर वर, असं बऱ्याच घरांत असतं, आणि वरचा स्वतःच पत्ते वाटत असला तर वरच्या सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.० नं सुरू, खालच्यांचे १९२.१६८.१ नं, म्हणजे नेटवर्क दोन झाली, मग वर बसून स्कॅन केलं तर खालचा एकही कॅमेरा यादीत येत नाही आणि लोक ॲपला शिव्या देतात. ॲपची त्यात काही चूक नाही. वरचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडला (नुसतं वायफाय पुरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) टाका, पत्ते एकच जण वाटेल, घर एक होईल. गेस्ट वायफायवर फोन असला तरी असंच होतं, घरातलं काही दिसत नाही.

अजून एक, यादीत तुमचाच फोन नवीन म्हणून परत दिसला तर दचकू नका, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनला आयओएस १४ पासून फोन खोटा मॅक वापरतात. घरच्या वायफायपुरतं ते सेटिंगमधून बंद करता येतं.

पैसे भरून घ्यायचं व्हर्जन आहे, पण घरासाठी मला तरी त्याची गरज वाटली नाही. पाचापैकी चार स्टार, एक कापला तो फोनवर मॅक दिसत नाही म्हणून, कारण रिझर्व्हेशनला नेमका तोच लागतो आणि लॅपटॉप सगळ्यांच्याच घरी नसतो. नसेल तर राऊटरच्याच पानावर जोडलेल्या वस्तूंची यादी असते, मॅक तिथून उचला.