ऑर्ग-मोड की टूडू डॉट टीएक्सटी?
कामांची यादी ठेवायच्या या दोन पद्धती. दोन्हींत मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येच राहतो; फरक पडतो तो तारखांपाशी. टूडू डॉट टीएक्सटीत एका ओळीला एक काम. ओळीच्या सुरुवातीला छोटा एक्स टाकला की काम झालं. शिकायला सोपं, पण मंगळवारी साडेचारला दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय, यासाठी मूळ नियमांत खास जागाच नाही.

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधलं ऑर्ग-मोड कार्स्टन डोमिनिक यांनी २००३मध्ये सुरू केलं. त्यात ‘शेड्यूल्ड’ म्हणजे काम हाती घ्यायचा दिवस, ‘डेडलाइन’ म्हणजे शेवटची तारीख. ती एरवी १४ दिवस आधीपासूनच अजेंड्यात, म्हणजे तारखेनुसार लावलेल्या कामांच्या यादीत, डोकावते. वीजबिलाच्या तारखेला ‘+१एम’ जोडा, काम ‘डन’ केलं की पुढच्या महिन्याची तारीख आपोआप लागते. ईमॅक्स शिकताना घाम फुटतो, हे खरं. तरी भेटीगाठी जास्त असतील तर मी ऑर्गच सुचवेन; नुसत्या किराण्याच्या यादीला एवढा खटाटोप कशाला?