डोळ्याला आतून सूज: थेंब, इंजेक्शन की गोळ्या?

डोळा लाल झाला की घरात एकच निदान होतं: डोळे आलेत. मीही तीन दिवस तेच धरून गॉगल लावून बसले होते. पण चिपडं नव्हती, खाज नव्हती. लाली होती ती बुबुळाच्या कडेकडेने, आणि उजेडाकडे पाहिलं की आत खोलवर कळ जायची. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी स्लिट लॅम्पमधून, म्हणजे उजेडाची बारीक रेघ टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून, पाहिलं आणि शब्द उच्चारला: युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. पुढच्या दहा मिनिटांत ते जे काही बोलले, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण मी ‘स्टेरॉइड’पाशी अडकले होते.

ज्यांना हे नाव पहिल्यांदाच ऐकावं लागलंय आणि पुढच्या भेटीत ‘काय करायचं?’ यावर बोलायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उपचार डॉक्टरच ठरवतात. पण समोर कोणते पर्याय आहेत आणि कशाच्या बदल्यात काय मिळतं, हे माहीत असलं तर आपण निदान नेमके प्रश्न विचारतो.

सगळ्यात आधी एकच विचारा: सूज पुढे आहे की मागे? युव्हिया म्हणजे डोळ्याचा मधला थर. पुढे रंगीत आयरिस, तिला लागून सिलिअरी बॉडी, आणि मागे पडद्याखाली पसरलेला कोरॉइड. सूज पुढच्या भागात असेल तर थेंब तिथवर पुरेसे पोचतात. मागे असेल तर सहसा पोचत नाहीत, कितीही नेमाने टाकले तरी. ‘मला गोळ्या का, शेजारणीला तर नुसते थेंब दिले होते’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसरा प्रश्न त्याहून आधीचा म्हणायला हवा: सूज जंतूंमुळे तर नाही ना? नागीण ज्या कुळातल्या विषाणूमुळे होते ते हर्पीस विषाणू, क्षयरोग, सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा हे सगळे डोळ्यात अशीच सूज आणू शकतात. तिथे जंतूवरचं औषध न देता नुसतं स्टेरॉइड दिलं तर आजार आतल्या आत पसरू शकतो. खालची सगळी तुलना जंतुसंसर्ग नाही असं ठरल्यानंतरची आहे.

थेंब

पुढच्या भागातल्या पहिल्या झटक्याला जवळजवळ नेहमी हेच. नेहमीचं औषध प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, म्हणजे स्टेरॉइडच. सुरुवातीला जागेपणी दर तासाला एक थेंब, मग हळूहळू कमी करत काही आठवडे. हे औषध द्रवात विरघळलेलं नसतं, तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर डोळ्यात जातं ते बहुतांशी पाणी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत होतं, आणि बारीक अक्षरं तेव्हा दिसत कुठे होती!

डायफ्लुप्रेडनेट हा दुसरा पर्याय. हलवावं लागत नाही, दिवसातून कमी वेळा टाकूनही जोर मोठा. दर तासाला थेंब टाकणं ज्यांना कामामुळे जमतच नाही, त्यांनी याबद्दल जरूर विचारावं. पण डोळ्याचा दाबही हे औषध जास्त चढवू शकतं, त्यामुळे दाबाची तपासणी चुकवून चालत नाही. स्टेरॉइडच्या कोणत्याही थेंबाने साधारण एक तृतीयांश लोकांत दाब थोडाफार वाढतो, बहुतेकदा काही आठवड्यांनी. वाढलेला दाब दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही. थेंब महिनोन् महिने चालले तर मोतीबिंदूचा धोकाही वाढतो.

सोबत बाहुली मोठी करणारा थेंब देतात आणि लोक तोच सोडून देतात, कारण जवळचं वाचता येत नाही. सोडू नका. तो आतल्या स्नायूची कळ थांबवतो आणि आयरिस मागच्या भिंगाला चिकटू देत नाही. एकदा घट्ट चिकटली की सोडवणं कठीण. निवड करायचीच असेल तर औषधाच्या मुदतीत आहे: सायक्लोपेंटोलेटचा असर साधारण दिवसभर, ॲट्रोपिनचा आठवडाभर किंवा त्याहून जास्त. वाचन-लेखनाचं काम असेल तर ‘कमी मुदतीचा चालेल का?’ असं विचारता येतं. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

थेंबांचा खरा घोळ थांबवताना होतो. आठवड्यात लाली जाते, दुखणं जातं, आणि आपण बरे झालो असं आपणच ठरवतो. डॉक्टर मात्र लाली मोजत नसतात. ते स्लिट लॅम्पच्या १ मिलिमीटर लांब-रुंद झोतात तरंगणाऱ्या पेशी मोजतात. कागदावर ‘सेल्स १+’ असेल तर ६ ते १५ पेशी, ‘२+’ असेल तर १६ ते २५. डोळा पांढराशुभ्र दिसत असतानाही आत १+ असू शकतं. मी दहाव्या दिवशी थेंब बंद केले आणि बाराव्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत बसले. तेव्हापासून कमी करण्याचं वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवलेलं असतं.

इंजेक्शन

डोळ्यात सुई, हे ऐकूनच पोटात गोळा येतो. बधिर करून देतात आणि बहुतेकांना दाब जाणवतो तेवढाच, पण भीती खोटी नाही, ती डॉक्टरांना सांगून टाकावी. एकाच डोळ्याला मागच्या बाजूला सूज असेल, विशेषतः मॅक्युलाला म्हणजे बारीक नजरेच्या जागेला, तर हा पर्याय पुढे येतो. मधुमेह असलेल्यांना गोळ्यांपेक्षा हा बरा पडू शकतो, कारण साखर तितकी उसळत नाही.

हे स्टेरॉइड डोळ्याच्या बाजूला द्यायचं की थेट आत? २०१९ च्या पॉइंट चाचणीत मॅक्युलाची सूज आत दिलेल्या औषधाने ८ आठवड्यांत जास्त उतरली, पण दाब वाढण्याचा धोकाही तिकडेच जास्त होता. काचबिंदू असेल तर हे आधी बोलून घ्या. इंजेक्शनचा मोठा तोटा असा की दिलं की दिलं. थेंब बंद करता येतात, आत सोडलेलं औषध परत घेता येत नाही.

गोळ्या

सूज दोन्ही डोळ्यांत, मागे, किंवा अंगातल्या दुसऱ्या आजाराशी जोडलेली असेल तर गोळ्या. प्रेडनिसोलोन वजनाच्या हिशेबाने सुरू करतात, सहसा दिवसाला ६० मिलिग्रॅमच्या वर नाही. काम झपाट्याने होतं. त्याबरोबर भूक, चिडचिड, उडालेली झोप, चढलेली साखर, आणि दीर्घकाळ घेतल्यास ठिसूळ हाडंही येतात. एकदम बंद करणं धोक्याचं.

तीन महिन्यांच्या आसपास डोस ७.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरत नसेल, तर मेथोट्रेक्सेटसारखं, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं दुसरं औषध जोडायचा विचार होतो. नाव ऐकून लोक हादरतात, कारण ते कर्करोगातही वापरतात. इथे मात्रा फार कमी असते आणि ती *आठवड्यातून एकदाच* घ्यायची. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून टाका. रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठराविक काळाने, दारू जवळजवळ नाहीच, आणि मूल हवं असेल तर स्त्री-पुरुष दोघांनीही आधीच बोलायला हवं. मायकोफेनोलेट हा त्याचा भाऊ. २०१९ च्या फास्ट चाचणीत तो मेथोट्रेक्सेटपेक्षा सरस ठरला नाही. याच कामाचं आणखी एक औषध म्हणजे ॲडालिमुमॅब, ते दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली टोचून घ्यायचं. ते सुरू करण्याआधी दबलेला क्षयरोग नाही ना, हे पाहतात.

‘सगळ्या अंगाला औषध कशाला, डोळ्यातच टाका’ असं मलाही वाटायचं. मस्ट नावाच्या चाचणीत डोळ्यात बसवलेलं, हळूहळू स्टेरॉइड सोडणारं इम्प्लांट आणि अंगभर जाणारी औषधं समोरासमोर ठेवली होती. दोन वर्षांनी नजर दोन्हीकडे सारखीच. सात वर्षांनी मात्र गोळ्यांचा गट नजर तपासायच्या तक्त्यावर सुमारे सात अक्षरांनी पुढे होता, आणि इम्प्लांटवाल्यांत मोतीबिंदू-काचबिंदूच्या शस्त्रक्रिया जास्त झाल्या होत्या. दीर्घकाळ चालणारी मागची सूज असेल तर मी गोळ्यांना घाबरून नकार देणार नाही.

तपासण्या आत्ताच सगळ्या कराव्यात का? पुढच्या भागात, एकाच डोळ्यात, पहिल्यांदाच आणि सौम्य असेल तर पुष्कळ डॉक्टर थांबतात, आणि ते ठीक आहे. दोन्ही डोळे, मागचा भाग, किंवा पुन्हा पुन्हा येणारी सूज असेल तर थांबू नये. पण न विचारताही एक गोष्ट सांगा: सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तासाहून जास्त आखडते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते का? एचएलए-बी२७ (रक्तात तपासता येणारी एक आनुवंशिक खूण) आणि मणक्याच्या संधिवाताचा धागा तिथून सापडू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर कंबरेचं बोलणं मला विचित्र वाटलं होतं, म्हणून ते दुसऱ्या झटक्यापर्यंत राहून गेलं.

उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवावी की टाकावी? मी टाकते. दुसऱ्या वेळी लाली दिसली तेव्हा ड्रॉवरमध्ये अर्धी बाटली होती आणि हात तिकडे गेलाही होता. पण तोच डोळा असला तरी कारण तेच असेलच असं नाही, आणि हर्पीस असता तर त्या बाटलीने वाट लावली असती. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावलं.