गाडी कधी बदलावी? मिऱ्याची एक, लांज्याची एक

2014 च्या दसऱ्याला नात्यात दोन गाड्या आल्या. एक माझी, रत्नागिरीजवळ समुद्राला लागून असलेल्या मिऱ्याला. दुसरी मावसभावाची, समुद्रापासून लांब आत असलेल्या लांज्याला. मॉडेल तेच, दोन्ही पेट्रोलच्या. माझी सत्तर हजार किलोमीटर चालली, त्याची लाखाच्या पुढे गेली. तरी आज त्याची गाडी धडधाकट आहे आणि माझी बदलायला झाली आहे. म्हणून कोकणात कोणी विचारलं, की गाडी किती वर्षं ठेवू, तर मी आधी विचारतो, घर समुद्रापासून किती लांब?

पावसाळ्यात उधाणाचे तुषार आमच्या अंगणापर्यंत येतात. हवेतलं मीठ ओलाव्यात विरघळून पत्र्यावर बसतं आणि गंज झपाट्याने धरतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती लाल मातीने बुजली की दारात पाणी साचून राहतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून फक्त रंगाला बारीक फोड दिसतात. गेल्या मे महिन्यात गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली आणि उंबऱ्याखालच्या पट्टीला पेचकस टेकवला. तो सरळ आत गेला. "इंजिनाला काय धाड भरलेली नाय," तो म्हणाला, "पण पत्रा गेलाय." मासळीच्या टोपल्या डिकीतून नेल्या त्याचंही फळ मिळालं. खारं पाणी गालिच्याखाली झिरपून तिथलाही पत्रा खाल्ला होता.

लांज्याची गाडी पहिल्या दिवसापासून शेडमध्ये उभी असते. तिथे खारा वारा नाही, चिखल मात्र आहेच, तो मावसभाऊ दर आठवड्याला पाइप लावून खालून धुऊन काढतो.

आता पैशांचं बघू. सोयीसाठी गाडी रस्त्यावर यायला आठ लाख लागले असं धरा. पाच वर्षांनी ती चार लाखांना विकली, तर वर्षाला ऐंशी हजार पडले. दहा वर्षं ठेवून पावणेदोन लाखांना विकली आणि मधल्या मोठ्या दुरुस्त्यांना सव्वा लाख गेले, तर वर्षाला पंचाहत्तर हजार. पंधरा वर्षं ठेवली, दुरुस्त्यांना 2 लाख 60 हजार गेले आणि शेवटी साठ हजार हाती आले, तर वर्षाला सुमारे सदुसष्ट हजार. म्हणजे जास्त ठेवण्यात फायदा आहे. पण त्या पंधरा वर्षांत याशिवाय पत्र्याचंच काम सव्वा लाखाचं निघालं, तर हिशोब पुन्हा पंचाहत्तर हजारांवर येतो. किनाऱ्यावर असं काम निघतंच, आणि सांधा कुजला की केलेली वेल्डिंगही फार टिकत नाही.

पाच वर्षांनी विकणं मला फारसं पटत नाही. विम्याच्या तक्त्यातही पाचव्या वर्षी घसारा 50 टक्के धरतात. सगळ्यात मोठी घट तुम्ही सोसायची आणि गाडीची चांगली वर्षं दुसऱ्याने वापरायची! वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर धावणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यावी लागते. फी आणि पर्यावरण कर येतो, पण खरी अडचण तपासणीची. खालचा सांगाडा कुजलेली गाडी तिथे अडकते आणि तोवर तिला गिऱ्हाईकही उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला पैशांहून मोठी वाटते. नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग 2019 पासून सक्तीची झाली. माझ्या गाडीत दोन्ही नाही. आईला घेऊन पावसात रात्री आंबा घाटातून कोल्हापूरच्या दवाखान्यात गेलो होतो, वळणावर ब्रेक दाबला आणि चाकं घसरली. सुदैवाने समोरून काही येत नव्हतं.

तेव्हा किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहत असाल आणि गाडी उघड्यावर असेल, तर आठव्या वर्षापासून दर मे महिन्यात ती वर घेऊन खालून बघा आणि दहाव्याच्या आसपास विका. शेड असेल आणि घर आत असेल, तर पंधरा वर्षं बिनधास्त ठेवा. पण घाटातून वरचेवर जाणं असेल, तर ब्रेक नि टायरवर पैसे वाचवू नका.

माझी गाडी मी या दसऱ्याला बदलतोय. मावसभाऊ 2029 च्या तपासणीची तयारी करतोय.