ब्राइडल शॉवर: नेहमीसारखा करायचा, की स्वयंपाकघरातल्या सामानाची विक्री-पार्टी म्हणून?

अमेरिकेत मैत्रिणीच्या किंवा भाचीच्या ब्राइडल शॉवरची, म्हणजे लग्नाआधी बायका जमून नवरीला भेटी देतात त्या समारंभाची, जबाबदारी तुमच्याकडे आली, की एक प्रस्ताव बहुतेक वेळा समोर येतोच. ओळखीतली कुणीतरी पॅम्पर्ड शेफसारख्या, घरच्या पार्ट्यांमधून स्वयंपाकघराचं सामान विकणाऱ्या एखाद्या कंपनीची कन्सल्टंट (कमिशनवर काम करणारी विक्रेती) असते. ती म्हणते, "शॉवर आणि पार्टी एकत्रच करू या. मी एखादा पदार्थ करून दाखवते, पाहुण्या ऑर्डर देतील आणि होस्टला जे फुकट मिळतं ते सगळं नवरीला." प्रस्ताव प्रामाणिक असतो आणि कधीकधी तो खरंच जमूनही येतो. पण हो म्हणण्याआधी पाहुणीच्या पर्समधून निघालेला डॉलर नेमका कुठे पोचतो, एवढं पाहून घ्या. माझा सगळा कौल त्या एका गोष्टीवर आहे.

नेहमीचा शॉवर तुम्हाला माहीत आहे. नवरीने एखाद्या दुकानात रजिस्ट्री, म्हणजे हव्या असलेल्या वस्तूंची यादी, केलेली असते, पाहुण्या त्यातली वस्तू निवडतात, भेट घेऊन येतात किंवा थेट तिच्या घरी पाठवतात. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ साली अशी रजिस्ट्री सुरू केली, म्हणजे ही पद्धत शंभर वर्षांची झाली. नवरीला काय हवं ते आधी कळावं आणि तीच वस्तू तीनदा येऊ नये, एवढाच तिचा हेतू.

विक्री-पार्टीचा उगम वेगळा. टपरवेअरचा जनक अर्ल टपर याचे प्लॅस्टिकचे डबे दुकानात नीट खपत नव्हते, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कुणीतरी दाखवल्याशिवाय त्या डब्याचं वैशिष्ट्य कळतच नसे. ब्राउनी वाइज आणि तिच्यासारख्या बायकांनी ते घरोघरी दाखवून विकले, आणि १९५१ साली टपरवेअरने दुकानातली विक्री बंद करून सगळा भर घरच्या पार्ट्यांवर दिला. पॅम्पर्ड शेफ १९८० साली इलिनॉयमध्ये डोरिस ख्रिस्तोफर या गृहशास्त्राच्या शिक्षिकेने सुरू केली, तीही याच पायावर: आधी हातात घ्या, वापरून बघा, मग विकत घ्या. हा इतिहास सांगायचं कारण असं, की विक्री-पार्टी कुठे शोभते ते त्यात आहे. जी वस्तू बघितल्याशिवाय कळत नाही, तिच्यासाठी पार्टी चांगली. मोजायचे कप, चमचे, टॉवेल यांना डेमो लागत नाही.

पैशाचा हिशेब: एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

"शॉवर म्हणून पार्टी" असं म्हणताना लोकांच्या मनात तीन निरनिराळे प्रकार असतात. बहुतेक गैरसमज इथेच होतात, म्हणून आकडे घालूनच बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पंधरा पाहुण्या, प्रत्येकीच्या मनात भेटीसाठी ४५ डॉलर, आणि होस्टला एकूण विक्रीच्या १५ टक्के इतकं मोफत सामान. प्रत्यक्षातली टक्केवारी कंपनीप्रमाणे आणि विक्रीच्या टप्प्याप्रमाणे बदलते.

नेहमीच्या शॉवरमध्ये पाहुण्यांचे ६७५ डॉलर जातात आणि नवरीच्या घरी ६७५ डॉलरच्या वस्तू येतात. सरळ.

पहिला प्रकार: नवरीने कन्सल्टंटच्या कॅटलॉगमधून आपली यादी केली आहे आणि पाहुण्या त्या यादीतलंच तिच्यासाठी घेतात. वेगळी भेट आणायची नाही. नवरीला ६७५ डॉलरच्या वस्तू मिळतात, वर साधारण १०० डॉलरचं मोफत सामान. कागदावर हा प्रकार नेहमीच्या शॉवरपेक्षाही सरस आहे.

दुसरा प्रकार: पाहुण्या भेटही आणतात आणि पार्टीत स्वतःसाठीही काही घेतात. समजा प्रत्येकीने आणखी ३० डॉलर खर्च केले. त्या ४५० डॉलरच्या विक्रीवर नवरीला साधारण ६७ डॉलरचं सामान मिळालं. पाहुण्यांना त्यांच्या वस्तू मिळाल्या हे खरं, पण त्यातल्या किती जणींना त्या दिवशी ती किसणी हवी होती?

तिसरा प्रकार: "भेट आणू नका, फक्त पार्टीत काहीतरी घ्या, फायदा नवरीला." पाहुण्यांनी ६७५ डॉलर स्वतःसाठी खर्च केले आणि नवरीच्या हाती आलं १०० डॉलरचं सामान. ऐकायला हा सगळ्यात उदार प्रकार वाटतो, पण नवरीच्या दृष्टीने सगळ्यात तोट्याचा हाच. "भेट नको" हे ऐकून पाहुणीला हलकं वाटतं, नवरीलाही संकोच होत नाही, आणि दोघींच्या नकळत शॉवरचा बराचसा पैसा नवरीकडे न येता दुसरीकडे जातो.

हे तिन्ही आकडे वस्तूंच्या छापील किमतीचे आहेत. अनेक कंपन्यांत कन्सल्टंटचं कमिशन २० ते २५ टक्क्यांपासून सुरू होतं, आणि ते किमतीतच धरलेलं असतं. वर विक्रीकर आणि पोचवायचा खर्च. होस्टचं श्रेय, म्हणजे विक्रीच्या बदल्यात मिळणारं मोफत सामान, सहसा हा कर आणि पोचवणावळ वगळून उरलेल्या रकमेवर मोजतात. म्हणजे पाहुणीने ४५ डॉलर ठरवले असतील तर वस्तू ४५ची बसत नाही, कमीची बसते, किंवा तिला वरचे पैसे खिशातून घालावे लागतात. दुकानाच्या रजिस्ट्रीत ठरावीक रकमेच्या वर पोचवणं बऱ्याचदा मोफत असतं, आणि लग्नानंतर यादीत उरलेल्या वस्तूंवर नवरीला सवलतही मिळते. दोन्ही पारड्यांत हे धरल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

पाहुणीच्या जागी बसून

शॉवरला येणारी पाहुणी आधीच बराच खर्च करत असते. लग्नाची भेट वेगळी, प्रवास वेगळा, करवल्यांमध्ये असेल तर कपडेही. शॉवरमध्ये तिला एकच अपेक्षा माहीत असते: एक भेट. तिथे पोचल्यावर हातात कॅटलॉग आणि ऑर्डरचा कागद आला, की ती अपेक्षा तिला न विचारता वाढते. नवरी समोर बसलेली असते, शेजारची बाई काहीतरी घेत असते. अशा वेळी "मला काही नको" म्हणायला धीर लागतो, आणि तो सगळ्यांकडे असावा असं आपण धरून चालू नये.

अमेरिकन शिष्टाचारात पूर्वी आईने किंवा बहिणीने शॉवर ठेवणं योग्य मानत नसत, कारण घरच्यांनीच भेटी मागितल्यासारखं दिसे. आता हा नियम बराच सैल झाला आहे, घरचीही कुणी शॉवर ठेवते. पण त्यामागची भावना गेलेली नाही: बोलावणाऱ्याला बोलावण्यातून लाभ होऊ नये. म्हणून विक्री-पार्टीत होस्टचं श्रेय कुणाच्या नावावर जमा होणार हे आधी स्पष्ट हवं. तुमच्या नावावर जमा होऊन "मी तिला नंतर देईन" असं असेल तर तसं करू नका. नवरीच्याच नावाने पार्टी उघडा.

पुढचं बुकिंग हा अजून एक नाजूक भाग. कन्सल्टंटचं काम पार्टीतल्या पाहुण्यांमधून पुढची पार्टी मिळण्यावर चालतं, आणि होस्टलाही बहुतेक ठिकाणी अशा बुकिंगचा जास्तीचा फायदा असतो. तिच्या कामात हे चुकीचं नाही. पण शॉवरमध्ये "पुढची पार्टी कोण घेणार?" किंवा "तुम्हालाही हे काम करायला आवडेल का?" हे प्रश्न नवरीच्या मावशीला विचारले गेले की सगळ्या खोलीचा सूर बदलतो. कन्सल्टंटशी आधी बोलून ठेवा: शॉवरच्या दिवशी बुकिंग नाही, भरती नाही. चांगली कन्सल्टंट लगेच मान्य करते. जी खळखळ करते, तिला शॉवरला बोलवू नका.

भारतातून लग्नासाठी आलेल्या आई-काकूंना रजिस्ट्री तशीही नवीन असते. त्यांना आहेर द्यायचा असतो, आणि तो पाकिटातून दिला तरी नवरीला आनंदच होतो. त्यांच्या हातात ऑर्डरचा कागद देऊन गोंधळ वाढवू नये.

सामान कोणतं मिळतं

इथे विक्री-पार्टीची खरी ताकद दिसते आणि मर्यादाही. नवरी पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर मांडत असेल, आजवर होस्टेलमध्ये किंवा रूममेटच्या भांड्यांवर भागवलं असेल, तर तासभर कुणीतरी सुरी कशी धरायची, मँडोलिनवर (पातळ काप करायच्या किसणीसारख्या साधनावर) बोट कसं वाचवायचं हे दाखवणं कोणत्याही डब्याबंद भेटीपेक्षा उपयोगी. स्टोनवेअरचंच, म्हणजे भाजलेल्या मातीच्या जाड भांड्यांचंच बघा. पिझ्झा स्टोन (ओव्हनमध्ये पिझ्झा भाजायचा सपाट दगड) वापरून वापरून काळपट होतो आणि तेच चांगलं असतं, तो साबणाने धुवायचा नसतो, आणि तापलेल्या दगडावर फ्रीझरमधून काढलेली वस्तू ठेवली तर तो तडकू शकतो. हे दुकानातल्या खोक्यावर बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. डेमोमध्ये ते लक्षात राहतं.

पण एका कंपनीच्या कॅटलॉगमधून पूर्ण स्वयंपाकघर उभं राहत नाही. नवरीला कास्ट आयर्नचा तवा एका कंपनीचा आवडतो, मिक्सर दुसऱ्या, प्रेशर कुकर तिसऱ्या. दुकानाच्या रजिस्ट्रीत हे सगळं एकत्र मावतं. पार्टीत नाही. शिवाय एक साधी गोष्ट विचारून घ्या: नव्या घरात शेगडी कोणती आहे? इंडक्शन असेल तर तळाला लोहचुंबक चिकटणारीच भांडी चालतात, आणि अ‍ॅल्युमिनियमचं सुंदर भांडं ऑर्डर होऊन आल्यावर परत पाठवण्यापेक्षा आधी बघितलेलं बरं.

पार्टीत मागवलेली वस्तू त्या दिवशी हातात नसते, हेही लक्षात असू द्या. पार्टी बंद झाल्यावर सगळ्या ऑर्डरी एकत्र जातात आणि सामान नंतर येतं. शॉवरमध्ये नवरीने सगळ्यांसमोर भेटी उघडणं हा अनेकींना आवडणारा भाग असतो. पार्टीत तिथे कार्डावर लिहिलेलं वस्तूचं नाव वाचावं लागतं. काही जणींना त्यात काही वाटत नाही, आजींना मात्र चुकल्यासारखं होतं.

वस्तू नको असली तर

दुकानाच्या रजिस्ट्रीतली भेट परत करणं सहसा सोपं असतं. घरी विकलेल्या वस्तूंसाठी अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा कूलिंग-ऑफ नियम आहे: कामकाजाच्या तीन दिवसांत, तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत, खरेदी रद्द करता येते. शनिवार त्यात मोजतात, रविवार आणि फेडरल सुट्ट्या नाहीत. पण हा नियम सरसकट नाही. खरेदीदाराच्या स्वतःच्या घरी झालेल्या विक्रीसाठी किमान रक्कम २५ डॉलर, इतर ठिकाणी १३० डॉलर. पाहुणी तुमच्या घरी ४० डॉलरची वस्तू घेते तेव्हा ती तिच्या घरी नसते, हे विसरू नका. आणि पूर्णपणे ऑनलाइन केलेल्या खरेदीला हा नियम लागूच नाही, तर आजकाल बऱ्याच कन्सल्टंट ऑर्डर लिंकवरूनच घेतात. म्हणून कंपनीची स्वतःची परतीची अट आधी वाचा, आणि होस्टच्या श्रेयातून मिळालेली वस्तू बदलता येते का, हे वेगळं विचारा. टपरवेअर कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा आजीवन हमीवर विसंबलेल्या कितीतरी जणी चिंतेत पडल्या असतील. हमी देणारी कंपनी उभी राहील का, हाही किमतीचाच भाग आहे.

मग कुणी काय करावं

नवरीचं घर बऱ्यापैकी भरलेलं असेल, पाहुण्या वेगवेगळ्या वयाच्या आणि ऐपतीच्या असतील, किंवा निम्म्या जणींची आपसात ओळख नसेल, तर नेहमीचा शॉवर करा. यात मला शंका नाही.

नवरीला स्वयंपाकाची हौस असेल, घर नव्याने मांडायचं असेल, आणि बोलावलेल्या दहा-बारा जणी सगळ्या जवळच्या असतील, तर पहिल्या प्रकारची पार्टी जरूर करा: नवरीची यादी, तिच्यासाठीच खरेदी, वेगळी भेट नाही. दुसरा आणि तिसरा प्रकार मी कुणालाही सुचवणार नाही.

मला सगळ्यात जास्त पटणारा मार्ग मात्र वेगळाच आहे. शॉवर नेहमीसारखा ठेवा, आणि कन्सल्टंट मैत्रीण असेल तर तिला त्यात फक्त एक पदार्थ करून दाखवायला बोलवा. कॅटलॉग नाही, ऑर्डर नाही. विक्रीची ऑनलाइन पार्टी नंतर नवरीच्या नावाने काही दिवस उघडी ठेवा, आणि ज्यांनी स्वतःहून विचारलं त्यांनाच लिंक द्या. विक्री कमी होईल, श्रेयही कमी मिळेल, पण ज्या जणी घेतील त्या मनापासून घेतील.

एकत्र पार्टीच ठरली तर आमंत्रणात आडपडदा नको. असं लिहिता येईल: "हा शॉवर स्वयंपाकघराच्या सामानाच्या पार्टीसोबत आहे. नवरीने निवडलेल्या वस्तूंची यादी सोबतच्या लिंकवर आहे. त्यातली एखादी वस्तू हीच तुमची भेट. वेगळी भेट आणू नका आणि स्वतःसाठी काही घ्यायची गरज नाही. पार्टीचा सगळा लाभ नवरीच्या नावावर जमा होईल." यादीत १५ डॉलरच्या आतल्या चार-पाच वस्तू नक्की ठेवा आणि महागड्या वस्तूसाठी दोघी-तिघींना मिळून देण्याची सोय करा. पार्टी बंद व्हायची तारीख आणि लग्नाची तारीख यांच्यात निदान तीन-चार आठवडे असू द्या, म्हणजे चुकीचं काही आलं तर बदलून घ्यायला वेळ मिळेल.