जत्रेच्या रात्रीला झूम एच१एन कितपत पुरतो?

कोकणातली दशावतारी नाटकं, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), गावऱ्हाटी (गावदेवाच्या रूढी-विधींची रीत) यांचा अभ्यास करणाऱ्याला कॅमेऱ्याआधी चांगला रेकॉर्डर लागतो. चित्र कुणी ना कुणी मोबाईलवर घेतंच, हल्ली तर अख्खी नाटकं यूट्यूबवर लाइव्ह जातात. पण तिथला आवाज थेट मिक्सरमधून घेतलेला असला, तर संवाद आणि पेटी स्वच्छ, समोरचा प्रेक्षक मात्र गायब. संकासुर या विनोदी सोंगाच्या कुठल्या कोटीवर हशा पिकला, बक्षीस नेमकं कुठल्या प्रवेशात पुकारलं, हेच तर अभ्यासाला हवं असतं. त्या कामाला २०१८ साली आलेला झूम एच१एन हा छोटा रेकॉर्डर पुरतो, पण सेटिंग आपल्या हाती ठेवलं तरच.

पहिली गोष्ट म्हणजे ऑटो लेव्हल बंद. देवळात गाऱ्हाणं (गावाच्या वतीने देवापुढचं मागणं) चालतं तेव्हा गाऱ्हाणं घालणारा देवाकडे तोंड करून, माइकशिवाय बोलतो आणि मागून सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ऑटोवर यंत्र हळू आवाज वर ओढतं, मोठा खाली दाबतं. ऐकताना एकटा माणूस आणि गाव सारख्याच जोराचे वाटतात, म्हणजे जो फरक टिपायचा तोच पुसला जातो. त्यापेक्षा डायल हाताने लावावा. गावाचा होकार मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतपत ठेवावा आणि लिमिटर (अचानक चढलेला आवाज रोखणारी सोय) चालू करावा. गाऱ्हाणं हळू येईल. येऊ दे, नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

लो-कटला, म्हणजे खालचे घुमणारे सूर कापणाऱ्या सोयीला, ८०, १२० आणि १६० हर्ट्झ असे पर्याय आहेत. वाऱ्यासाठी आणि जनरेटरच्या घरघरीसाठी ८० ठीक. १६० लावलात तर पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारच उडतो, आणि डबलबारीत बुवा सिनेमाच्या चालीवर गजर धरतो तेव्हा ठेका कसा बदलला ते कळेनासं होतं. वाऱ्याला खरा उपाय फोमची टोपी. ती वेगळी विकत घ्यावी लागते.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हला (न दाबलेल्या ध्वनिफाइलला) तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड (याहून मोठं चालत नाही) तीसेक तास जातं. फाइल २ जीबीला, म्हणजे दोन तासांनी, आपोआप तुटते. सुरुवातीचा आडदशावतार एका फाइलीत, नंतरचं मुख्य आख्यान दुसरीत अशी सोय ती करणार नाही. नाव आणि वेळ वहीत लिहाच. दोन ट्रिपल-ए सेल कंपनीच्या हिशेबाने दहा तास चालतात. रिचार्जेबल घातले तर मेनूत सेलचा प्रकार बदलायचा, नाहीतर बॅटरीची खूण खोटं सांगते आणि पहाटे ऐन युद्धाच्या प्रवेशात यंत्र बंद.

बॉडी प्लॅस्टिकची, त्यामुळे बोट सरकलं तरी खरखर उमटते. खाली स्क्रूची जागा आहे; स्टँडवर लावून, बटण होल्डवर सरकवून, स्पीकरच्या खोक्यांपासून दूर प्रेक्षकांत ठेवावा. मिक्सरची वायर जोडण्याचा मोह होतो, पण ती घातली की अंगचे माइक बंद पडतात. शिवाय मिक्सरचा सिग्नल बऱ्याचदा इतका तगडा असतो, की तो उतरवणारी वेगळी केबल नसेल तर सगळंच फाटतं.

झूमचाच नवा एच१ इसेन्शियल ३२ बिट फ्लोटवर टेपतो, म्हणजे हळू-मोठा सगळा आवाज फाइलीत न फाटता मावतो, डायलची कटकटच नाही. बजेट असेल तर तोच घ्या, तासाला १.४ जीबी धरून चाला. मात्र स्पीकरला चिकटून ठेवलात तर माइकच १२० डेसिबलच्या पुढे मान टाकतो, तिथे फ्लोट काही करत नाही.

आणि हो, नाटक कंपनीच्या मालकाला आणि देवस्थानच्या मानकऱ्यांना आधी विचारायचं. नाटकाला सहसा हरकत नसते. गाऱ्हाण्याला आणि कौलाला असू शकते, तेव्हा यंत्र पिशवीत.